दोन खुर्च्या, एक गिटार

नाट्यगृहात तिला तिच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला खात्री म्हणत. तोंडावर खात्रीबाई, पाठीमागे नुसतं खात्री. चहावाल्याने साखर घातली म्हटलं की ही विचारणार, "खात्री आहे ना?" कुणी दाराला कुलूप लावलं म्हटलं की ही जाऊन एकदा ओढून बघणार. बरं, स्वतःवर तरी विश्वास होता म्हणाल, तर तोही नाही. गॅस बंद केलाय ना, हे बघायला ती कोपऱ्यावरून घरी परत गेली नाही असा आठवडा जात नसे. अशा बाईला लोकांनी हे नाव ठेवलं यात खोडसाळपणा होता, आणि थोडं कौतुकही होतं.

कौतुक तिच्या कानांचं. गेली अकरा वर्षं ती रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. वादक त्या जागेला खड्डा म्हणत. आठवड्याला गाण्यांच्या नाटकाचे आठ प्रयोग, आणि प्रेक्षकांना दिसणार काय, तर खड्ड्यातल्या लोकांची टाळकी. पण नाट्यगृहासाठी एखादं वाद्य घ्यायचं असलं की ते आधी हिच्या हातात येई. ती ते चार-पाच दिवस वाजवायची, उलटंसुलटं करायची आणि एक पानी अहवाल लिहायची. शेवटची ओळ एका शब्दाची. घ्या, किंवा नको. अकरा वर्षांत तिचा एकही अहवाल खोटा ठरला नव्हता. याचं श्रेय ती हुशारीला देत नसे. "चुकीचं लिहिलं तर मला जेवण जात नाही हो," एवढंच म्हणे.

त्या सोमवारी मॅनेजरसाहेबांनी तिला वर बोलावलं. टेबलावर काळी पेटी उघडी होती आणि आत एक गिटार पहुडली होती. अंगाला अशी घोटीव वळणं, की मांडीवर घेताच ती आपोआप नीट बसावी. मान भट्टीत भाजलेल्या लाकडाची, खरपूस रंगाची. खुंट्या तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, स्टीलच्या आणि गुळगुळीत.

"यातून म्हणे सगळं निघतं," मॅनेजर म्हणाले. ते वाद्यांबद्दल नेहमी भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलत. "रॉक निघतो, जॅझ निघतं, आणि हा नॉब फिरवला की थेट लाकडी गिटारचा आवाज. महाग आहे. पण खरंच निघत असेल तर मला परवडते."

"म्हणजे?"

"म्हणजे खड्ड्यात दोन गिटारवाले कशाला? पुढच्या नाटकापासून एक खुर्ची कमी करू. शुक्रवारी दुपारी दुकानाची गाडी येईल, त्याआधी तुमचा कागद द्या. तुम्ही घ्या म्हटलं तर घेतो, नको म्हटलं तर परत. आणि हे खाली कुणाला बोलू नका."

ती पेटी घेऊन जिना उतरली ती दर पायरीवर थांबत. कारण खड्ड्यातली दुसरी खुर्ची लाकडीकाकांची होती.

लाकडीकाका एकसष्ट वर्षांचे. उंच, आणि खड्ड्यात बसून बसून पुढे वाकलेले. लाकडी गिटारशिवाय दुसरं काही वाजवायचं नाही म्हणून हे नाव. शब्दकोडी सोडवायची, लोकांना नावं ठेवायची आणि वेळेच्या बाबतीत घड्याळाला लाजवायचं, हे त्यांचे उद्योग. खात्री हे नावही त्यांनीच ठेवलेलं. अकरा वर्षांपूर्वी ती इथे पहिल्यांदा वाजवून दाखवायला आली, तेव्हा दुसऱ्याच गाण्यात तिची तार तुटली. ती रडकुंडीला आली होती. काकांनी आपली गिटार तिच्या मांडीवर ठेवली, आणि वाजवून झाल्यावर वाद्यवृंदाच्या प्रमुखाला म्हणाले, "घेऊन टाका हिला. माझी गिटार माझंसुद्धा एवढं ऐकत नाही." ती नोकरीला लागली ती अशी. आता त्याच माणसाची खुर्ची तिच्या एका शब्दावर लटकली होती.

मंगळवारपासून तिने गिटारचा छळ मांडला. दुसरा शब्द नाही. स्नानघरातला वजनकाटा आणून वजन केलं. हलकी. तारा खेचून, ताणून, मोकळ्या सोडून दीड तास वाजवली. सुरातून हलली नाही. दिवे मंद करताना खड्ड्यात जी घूं घूं सुरू होते, ती बहुतेक गिटारांच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकात, शिरते. हिच्यात शिरली नाही. मग तिने नवऱ्याकडून निळा कागद मागून आणला. नवरा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. कवळी कुठे उंच लागते ते बघायला तिथे हा कागद वापरतात. तिने तो मानेवर ठेवला, वर स्टीलची पट्टी दाबली आणि चोवीसही फ्रेट तपासले. एकही निळा डाग कमीजास्त नाही.

असं होईल असं तिला वाटलं नव्हतं. एरवी वाद्य चांगलं निघालं की ती लहान पोरीसारखी खूश व्हायची. यावेळी गिटार एकेक परीक्षा पास होत गेली तशी ती पुढची परीक्षा आणखी कडक करत गेली. मधल्या वेळात काका शेजारी येऊन उभे राहत. चहाचा गरम पेला दोन्ही तळव्यांत धरून बोटं शेकायची त्यांची हल्लीची सवय होती.

"काय गं, सापडला का चोर?"

"कसला चोर?"

"तू गिटार तपासतेस की घराची झडती घेतेस? बिचारी घाबरली बघ."

ती कसंनुसं हसली. त्यांच्याकडे बघवेना. गेले काही महिने काकांचं वाजवणं पातळ झालं होतं हे तिच्या कानांना कळत होतं. अवघड कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, आले की ते दोन-तीन सूर गाळायचे. वयाने कंटाळा येतो, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आता तीच गोष्ट तिला छळू लागली. या गिटारवर ते सगळे सूर भरघोस निघत होते, आणि आवाज इतका लाकडी की तिलाच दचकायला होई.

पण एक गोष्ट होती.

रात्री गिटार खड्ड्यातल्या कपाटात ठेवायची. कपाटाची किल्ली खिळ्याला, आणि खिळा सगळ्यांना माहीत. सोमवारी तिने ती सुरात लावून ठेवली होती. मंगळवारी दुपारी काढली तर सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा मधोमध उभा राहीना. डावीकडे अगदी केसभर कललेला. सहाही तारा उतरलेल्या. तिने परत लावल्या, प्रयोगभर टिकल्या. बुधवारी दुपारी पुन्हा तेच, केसभर खाली. त्या रात्री ती गिटार घरी घेऊन गेली.

घरी सासूबाईंनाही कामाला लावलं. त्यांना दाराआड बसवून आधी आपली जुनी लाकडी गिटार वाजवली, मग ही. "आई, यातली विजेवरची कुठली?"

"दोन्ही तीच," आतून उत्तर आलं. "आता भाजी निवडू दे की मला."

एरवी ती यावर हसली असती. तिने घाबरून गिटार पेटीत ठेवली, आणि गुरुवारी सकाळी डोळे उघडताच आधी ट्यूनर लावला. काटा मधोमध. सहाही तारा जिथल्या तिथे.

सापडलं! घरी टिकते, खड्ड्यात टिकत नाही. खड्ड्यात ओल होती, रात्री गारठा होता, भिंतीचे पोपडे निघत होते. भाजलेलं लाकूड असो की सोन्याचं असो, खड्ड्यात सूर सोडणारी गिटार खड्ड्याच्या काय कामाची? तिला खोटं लिहायचं नव्हतंच. तिला खरीखुरी खोट हवी होती, आणि देवाने ती तिच्या पदरात टाकली होती. गुरुवारी प्रयोगाआधी तिने एका दमात पान लिहून काढलं. गुण सगळे लिहिले, एकही लपवला नाही. मग लिहिलं, खड्ड्याच्या हवेत रात्रभरात सूर उतरतो, दोनदा तपासलं. खाली शेवटची ओळ. नको.

मॅनेजरनी वाचलं, ओठ चावले. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं. उद्या देतो परत पाठवून."

त्या प्रयोगात ती अशी वाजवत होती, की काकांनी दोनदा वळून बघितलं.

शुक्रवारी सकाळी न्याहारीला नवऱ्याने विचारलं, "काय झालं मग त्या परीक्षेचं?" तिने सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं, जे आठवडाभर पोटात ठेवलं होतं. सांगताना तिचे डोळे भरून आले आणि तरी ती हसत होती.

नवरा पावाला लोणी लावता लावता थांबला. "सहाही तारा उतरल्या?"

"हो, सहाही."

"सारख्याच?"

"सारख्याच. केसभर."

"असं कसं होईल?" त्याने सुरी खाली ठेवली. "हे बघ, कवळी खचली तर एका बाजूने खचते. लाकूड ओलीने हललं तर जाड तार वेगळी हलेल, बारीक वेगळी. सगळीकडे मोजून सारखं म्हणजे ते आपोआप झालेलं नाही. कुणीतरी हाताने लावलंय."

तिने पुढ्यातली बशी बाजूला सारली.

खड्ड्याच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता. हल्ली कीबोर्ड आल्यापासून त्यावर चादर टाकलेली आणि चादरीवर चहाचे कप. त्याचा सूर वर्षानुवर्षं केसभर उतरलेला होता, म्हणून त्यावर कुणी वाद्य लावत नसे. पण दुपारपर्यंत खड्ड्यातली वीज बंद असते. कीबोर्ड मुका. तेव्हा ट्यूनरला हातही न लावणाऱ्या, कानाने तारा लावणाऱ्या माणसापुढे तो पियानो सोडून दुसरं काय असणार? आणि असा माणूस अख्ख्या नाट्यगृहात एकच होता.

हे तिला मंगळवारीच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणी असा अहवाल आणला असता तर तिने पहिला प्रश्न हाच विचारला असता, सहाही सारख्याच कशा? पण तिला हवी ती खोट सापडली होती, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा खात्रीबाईंनी खात्री केली नव्हती.

ती चप्पल कशीबशी अडकवून निघाली. गॅस बघायला कोपऱ्यावरून परत आली नाही.

नऊच्या सुमाराला नाट्यगृहात सफाईवाल्याशिवाय कुणी नसतं. ती बाजूच्या दाराने आत शिरली. खड्ड्याकडून बारीक आवाज येत होता, विजेशिवाय वाजवलेल्या तारांचा, किणकिणता. ती कठड्याशी थांबली. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात लाकडीकाका आपल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर ती गिटार, डोळे मिटलेले. दुसऱ्या अंकातलं सातवं गाणं वाजवत होते. सगळं. गेले कित्येक महिने गाळलेले सूरसुद्धा. एकही राहिला नाही.

गाणं संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडलेल्या पोरासारखे दचकले.

"आलीस? खिळ्यावरची किल्ली घेतली गं मी. रागावू नकोस. मंगळवारपासून रोज सकाळी घेतोय. काल कपाटात नव्हती तर करमेना."

"काका, तुम्ही..."

"बस की. उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी." त्यांनी डावा हात पुढे केला. बोटांचे सांधे सुजून गाठी आल्या होत्या. ती रोज शेजारी बसत होती आणि तिने हे बघितलं नव्हतं. "माझ्या लाकडीच्या तारा आता दाबल्याच जात नाहीत मला. जाड तारा, त्यात उंच. म्हणून सकाळी येऊन सराव करतो, कुणी ऐकू नये म्हणून. हे नाटक संपलं की सोडणार होतो, बहिणीला सांगूनही ठेवलंय. मग ही आली. हिच्या तारांना नुसतं बोट टेकलं की बोलतात. दुखत नाही गं. अजिबात दुखत नाही." ते गिटारकडे बघून हसले. "मी म्हटलं, तुझा कागद वर गेला की मॅनेजरला विचारावं. ही घेताय तर मलाच द्या म्हणावं. एकसष्टाव्या वर्षी विजेवर जातो, नाव बदला माझं. तू घ्या असंच लिहिणार ना? इतकी गुणी पोर आहे ही."

तिला रडू फुटलं. काका घाबरले, गिटार बाजूला ठेवायला गेले, त्यांना काय झालं ते कळेना. मग तिने सांगितलं. एक खुर्ची कमी होणार, ती त्यांची असणार, ते वाचावेत म्हणून ती आठवडाभर खोट शोधत होती, सापडली, आणि ती खोट म्हणजे रोज सकाळी पियानोवर तारा लावणारे ते स्वतः. कागद काल वर गेला. बाराला गाडी येणार.

काकांचे खांदे हलायला लागले. ती दचकली, पण ते हसत होते.

"म्हणजे मला वाचवायला तू हिला नापास केलंस. आणि तिचा पेपर बिघडवला मीच."

"हसू नका हो."

"नाही हसत." खरंच त्यांचं हसू गेलं होतं. "जा वर. खरं काय ते लिही."

"आणि खुर्ची? काका, मग एकच राहील. तुमची किंवा..."

"किंवा तुझी. कळतंय मला." त्यांनी गिटार पुन्हा मांडीवर ओढली. "अगं, त्या लाकडीवर मी हे नाटकसुद्धा पार पाडू शकलो नसतो. हिच्यावर निदान खुर्चीसाठी तुझ्याशी भांडता तरी येईल. जा. मी तारा नीट लावून ठेवतो. या खेपेला तुझ्या त्या ट्यूनरवर."

जिना चढताना तिला वाटलं, आपण आपल्याच पोटावर पाय द्यायला निघालो आहोत. घरी तीन माणसं होती, आणि या वयात दुसऱ्या कुठल्या खड्ड्यात तिला कोण घेणार होतं? मधल्या पायरीवर ती थांबली. खाली काका एकेक तार लावत होते. सहावी तार लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग वर गेली.

मॅनेजर नुकतेच येऊन कोट काढत होते. तिने टेबलावरचा आपला कागद उचलला आणि शेवटची ओळ खोडली.

"सूर गिटारने सोडला नव्हता, साहेब. माझी चूक झाली. ही घ्या. इतकी चांगली गिटार मी आजवर हातात घेतलेली नाही."

"तुमची चूक?" त्यांना आधी खरंच वाटेना. मग ते खुर्चीत टेकले. "बरं. मग एका माणसात भागेल?"

हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. "गिटारमध्ये दोन्ही आवाज आहेत. ते मी लिहिलंय. माणसांचं मी लिहिलेलं नाही, कारण ते मला ठरवता येणार नाही. मी लिहीन ते माझ्या सोयीचंच होईल. कालही तसंच झालं. तुम्ही आज दुपारच्या प्रयोगाला खाली येऊन बसा, आमच्या दोघांच्या मध्ये. आणि तुमचं तुम्ही ऐका."

बाराला गाडी आली आणि रिकामी गेली.

दुपारच्या प्रयोगाला मॅनेजर खरंच एक स्टूल घेऊन खड्ड्यात उतरले. इतकी वर्षं नाट्यगृह चालवत होते, पण खाली बसून नाटक त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिव्याला डोकं आपटून घेतलं. डावीकडे काका नव्या गिटारसह, उजवीकडे ती तिच्या जुन्या गिटारसह. दुसऱ्या अंकात सातवं गाणं आलं तेव्हा पहिला सूर चुकतो की काय असं तिला वाटलं. काकांनी नेहमीसारखी मान हलवून तिला इशारा दिला. दोघं एकदम उठले, म्हणजे सुरांनी उठले, आणि काकांचा एकही सूर गळला नाही. मॅनेजर आधी डावीकडे बघत होते, मग उजवीकडे, मग कुणाकडेच नाही.

गाणं संपल्यावर ते स्टूल तिथेच टाकून निघून गेले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत, पुढच्या आठवड्यातही नाही. नवं नाटक आलं, तालमी सुरू झाल्या. गिटार काकांच्या मांडीवर राहिली, आणि काकांना लाकडीकाका म्हणायचं मात्र कुणी सोडलं नाही.

वरून अजून होकार नाही, नकारही नाही. विचारायला जायची तिला हिंमत होत नाही, आणि काका म्हणतात, झोपलेल्याला उठवू नये. ती रोज दुपारी खड्ड्याचा जिना उतरते आणि शेवटच्या पायरीवर थांबून आधी खुर्च्या मोजते. एक, दोन. आपली आणि काकांची. मग परत एकदा मोजते, आणि त्यानंतरच गिटारची पेटी उघडते.